दुखापतींनी पोखरलेल्या बचावपटूचं मोठेपण कशावर मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या लाडक्या क्लबाचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, आता 34 वर्षांचा आहे. आधी पोटरी, मग मांडीमागचा स्नायू, मग पुन्हा पोटरी. गेल्या तीन मोसमांत तो जेवढे सामने खेळला, त्याहून जास्त त्यानं कोट घालून स्टँडमधून पाहिले. यावरून तुमच्यात दोन तट पडलेत. एका मित्राच्या मते क्लबाच्या इतिहासातल्या पहिल्या तीन बचावपटूंत त्याची जागा पक्की आहे. दुसरा म्हणतो, मैदानावर नसलेला माणूस महान कसला? वेळेवर गेला असता तर निदान नाव तरी राहिलं असतं. खेळाडूचं नाव तुम्ही मुद्दामच लिहिलेलं नाही, कारण नाव आलं की झेंडे येतात. बरं केलंत.

मी फिजिओ आहे. वीसेक वर्षं फुटबॉलपटूंचे पाय तपासतोय आणि त्यात बचावपटूंचा भरणा मोठा. माझं उत्तर त्यामुळे उपचाराच्या टेबलापाशी उभं राहून दिलेलं आहे, आणि या जमातीबद्दल मला थोडा जिव्हाळा आहे, हेही आधीच कबूल करतो. तुमचे दोन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोन वेगळे हिशेब एकाच वहीत लिहितायत. पुढच्या मोसमाचा करार द्यावा का, हा एक हिशेब. माणूस केवढा मोठा होता, हा दुसरा. पहिल्यात हजेरी लागते. दुसऱ्यातही लागते, पण तुमच्या दुसऱ्या मित्राला वाटते तेवढी नाही.

मुळात 'दुखापती वाढल्या' म्हणताना आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. ऑक्टोबर 2020 मध्ये एव्हर्टनविरुद्ध व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला तो समोरच्या गोलरक्षकाच्या धडकेत. शस्त्रक्रिया झाली, उरलेला मोसम बुडाला, माणूस परत आला आणि 2024-25 मध्ये लिव्हरपूलचा कर्णधार म्हणून लीग जिंकला. हा अपघात. याचा वयाशी संबंध नाही, शिस्तीशी नाही, 'काचेचा आहे' या शेऱ्याशी तर मुळीच नाही. सांध्याची झीज ही वेगळी गोष्ट, ती बरी होत नाही, फक्त सांभाळायची असते. आणि स्नायूंचं पुन्हा पुन्हा धरणं ही तिसरी. तुमच्या माणसाचं प्रकरण हे तिसरं दिसतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर दिसतो तो ग्यास्ट्रोक्नेमियस. त्याच्याखाली सोलिअस, चपटा आणि न दिसणारा. तरुण खेळाडूचा वरचा स्नायू फाटला तर त्याला मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटतं आणि तो वळून बघतो. सोलिअसचं तसं नाही. तो कुरकुरतो. खेळाडू म्हणतो, जरा आखडलंय, गोळा आल्यासारखं वाटतंय. दोन दिवसांत चालणं सुधारतं, चौथ्या दिवशी हलकं धावणं जमतं आणि सगळ्यांना वाटतं की सुटलो. तिशी ओलांडलेल्यांमध्ये हे दुखणं जास्त, आणि सेंटर-बॅकच्या कामात तर ते वाढायला जागा भरपूर. उलट्या पावलांनी मागे जायचं, मध्येच कंबर फिरवायची, वळून पूर्ण वेगानं पळायचं. त्या वळणानंतरची पहिली दोन पावलं सगळा भार पोटरीवर टाकतात.

एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सोडून. तेहतीस वर्षांचा बचावपटू, डाव्या पोटरीची तिसरी खेप. सामन्याच्या दोन दिवस आधी मी त्याला एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावलं. उजव्या पायावर सव्वीस वेळा, शेवटची टाच पहिलीइतकीच उंच. डाव्या पायावर सतरा. पण आकडा सोडा, बाराव्या खेपेपासूनच टाच बोटभर खाली राहायला लागली होती. भिंतीला आधारापुरती टेकवलेली बोटं आता भिंतीवर दाबली जात होती, नखं पांढरी पडली होती. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाला, "एकदम मस्त." नंतर तो जिना उतरताना मी मागेच होतो. डावा पाय पुढे टाकताना तो किंचित तिरका होत होता. प्रशिक्षकाला तो हवा होता, त्याला स्वतःला खेळायचं होतं, आणि सतरा हा आकडा कागदावर अगदीच वाईट दिसत नव्हता. मी होकार दिला. तो एकतीस मिनिटं खेळला आणि बसला.

ती चूक माझी. पण चाहत्यांच्या खात्यात ती त्याच्या नावावर पडली. पुन्हा मोडला, असा एक शेरा वाढला.

म्हणून 'किती वेळा जखमी झाला' या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. युरोपातल्या अव्वल क्लबांमध्ये 2001 पासून दुखापतींच्या नोंदी एकाच पद्धतीनं ठेवल्या जातायत. त्यांत पहिल्या मोसमात एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या होत्या, 2021-22 मध्ये 24 टक्के. या काळात खेळाडूंच्या मांड्या कमजोर झाल्या नाहीत, खेळ वेगवान झाला आणि सामने वाढले. त्याच नोंदींत हॅमस्ट्रिंगच्या 18 टक्के दुखापती जुन्याच जागी पुन्हा झालेल्या, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त मैदानावर परतल्यावर दोन महिन्यांच्या आत. म्हणजे तुमच्या माणसाच्या यादीतल्या काही दुखापती त्याच्या शरीराच्या, आणि काही परतीची तारीख ठरवणाऱ्यांच्या. बाहेरून हा फरक दिसत नाही.

आता हजेरीकडे येऊ. लेडली किंग टॉटनहॅमसाठी 1999 ते 2012 खेळला, दुसऱ्या कुठल्या क्लबाकडून खेळलाच नाही. एका गुडघ्यात कूर्चा जवळपास उरली नव्हती. शेवटच्या काही वर्षांत तो संघाबरोबर सराव करत नसे. पोहायचं, जिममध्ये ताकद राखायची आणि सामन्याच्या दिवशी थेट उतरायचं. सूज उतरायलाच इतके दिवस लागत की आठवड्यात दुसरा सामना म्हणजे चैन. 2010 च्या विश्वचषकात इंग्लंडनं त्याला अमेरिकेविरुद्ध उतरवलं, जांघेचा स्नायू धरला आणि मध्यंतरालाच तो बाहेर. 31 व्या वर्षी निवृत्ती. एकूण सामने 323, इंग्लंडकडून 21. नुसत्या आकड्यांवर हा माणूस 'चांगला होता' या रकान्यात जाईल.

पण नोव्हेंबर 2006 मधला चेल्सीविरुद्धचा सामना घ्या. आर्यन रॉबेन चेंडू घेऊन एकटा गोलकडे निघाला होता आणि त्या काळात रॉबेनला मागून गाठणं म्हणजे सुटलेली गाडी गाठणं. किंगनं त्याला गाठलं आणि पेनल्टी न देता चेंडू काढून घेतला. तो क्षण मी शिकाऊ फिजिओंना दाखवतो. टॅकल बघू नका म्हणतो, आधीची धाव बघा. घाई नाही, तिरका हात नाही, शेवटची दोन पावलं मुद्दाम लहान. पुढे सरावाविनाही खेळू शकलेल्या माणसाला ही जाण कुठून येते? ती पायांत नसते, म्हणून गुडघ्याबरोबर जातही नाही. वेगाचं मात्र तसं नाही, तो गुडघ्याबरोबर जातोच.

आयर्लंडचा पॉल मॅग्रा हे त्याहून टोकाचं उदाहरण. दोन्ही गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की 1989 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला सोडलं. हिशेब चुकीचा नव्हता. तिशीला टेकलेला, गुडघे गेलेला, दारूशी झगडणारा बचावपटू कोण ठेवील? अॅस्टन व्हिलानं त्याला घेतलं, सरावातून जवळपास सूट दिली, आणि तो तिथे सात वर्षं खेळला. 1993 मध्ये खेळाडूंनीच मतदान करून त्याला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पुढच्या मार्चमध्ये व्हिलानं लीग कपच्या अंतिम सामन्यात युनायटेडला 3-1 हरवलं तेव्हा तो मैदानावर होता. 'वेळेवर जायला हवं होतं' म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला विचारा, मॅग्राची वेळ कुठली होती?

तरीही त्या मित्राची बाजू मी सोडत नाही, कारण तो ज्या गोष्टीवर चिडलाय ती खरी आहे. बचावपटूच्या गैरहजेरीची किंमत आघाडीपटूच्या गैरहजेरीपेक्षा वेगळी असते. स्ट्रायकर नसला तर दुसरा येतो, कमी गोल करतो. सेंटर-बॅक आत-बाहेर करत राहिला तर त्याच्या शेजारच्याला दर तीन आठवड्यांनी नवा जोडीदार मिळतो. वर कोण जाणार, मागे कोण थांबणार, कुणाच्या हाकेवर बचावाची रेषा पुढे सरकणार, हे सगळं नव्यानं. याहून वाईट म्हणजे तो अर्धवट बरा होऊन खेळतो तेव्हा. पाठीमागे मोकळी जागा ठेवायची त्याला भीती वाटते, म्हणून तो चार-पाच मीटर मागे उभा राहतो. त्याच्याबरोबर पूर्ण बचावफळी मागे येते. पुढचे तिघे मात्र नेहमीसारखेच वर जाऊन दबाव टाकतात. मधली जागा ताणली जाते आणि ती भरायला मध्यरक्षक धावत सुटतात. सत्तराव्या मिनिटाला चाहते मध्यरक्षकाला शिव्या घालतात, आणि कारण असतं मागच्या माणसाची पोटरी. अशा दहा-बारा सामन्यांचं नुकसान कुठल्या आकडेवारीत सापडत नाही, पण तुमच्या मित्राच्या मनात ते साठलंय.

हेच उलट वाचा, म्हणजे बचावपटूच्या मोठेपणाचं माप मिळेल. तो धडधाकट होता तेव्हा संघ किती वर उभा राहू शकत होता? त्याच्या भरवशावर फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, किती बिनघोर पुढे जात होते? त्याच्या शेजारी खेळून कोण कोण मोठे झाले? मी तरी हेच बघतो. टॅकलची संख्या बघत नाही. चांगला सेंटर-बॅक टॅकल करायची वेळच कमी येऊ देतो.

व्हिन्सेंट कोंपनीच्या बाबतीत या मापानं वाद मिटतो असं मला वाटतं. 2008 ते 2019 अकरा मोसम मँचेस्टर सिटीत, 2011 पासून कर्णधार, 360 सामने, चार लीग विजेतेपदं. पण 2015-16 मध्ये 38 पैकी फक्त 14 लीग सामने, पुढच्या मोसमात 11. पोटरीनं छळलं. मे 2016 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात माद्रिदमध्ये दहा मिनिटांच्या आतच त्याला बाहेर यावं लागलं. त्या वेळी तुमच्या दुसऱ्या मित्रासारखं बोलणारे पुष्कळ होते. मग 6 मे 2019. लेस्टरविरुद्ध सत्तरावं मिनिट, गोलशून्य बरोबरी, आणि कोंपनीनं लांबून मारलेला फटका थेट वरच्या कोपऱ्यात. सिटीनं 98 गुण मिळवून लिव्हरपूलला एका गुणानं मागे टाकलं. त्या रात्रीनंतर कोंपनीच्या पोटऱ्यांविषयी कुणी बोलेना.

मला हे जरा खटकतं. तो गोल गेला असता बारच्या वरून, तर कोंपनी कमी मोठा ठरला असता का? बचावपटूला आपण बहुधा अशा क्षणावरून लक्षात ठेवतो ज्यात तो बचाव करतच नसतो.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण इटलीच्या फ्रँको बारेसीचं. 1994 चा विश्वचषक, वय 34, तुमच्या माणसाएवढंच. दुसऱ्याच सामन्यात, 23 जूनला नॉर्वेविरुद्ध, गुडघ्यातली गादी फाटली. दुर्बिणीनं शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा त्याच्यापुरती संपली असं सगळ्यांनी धरलं. 17 जुलैला, चोविसाव्या दिवशी, तो अंतिम सामन्यात उतरला. पॅसाडिनातलं भर दुपारचं ऊन, समोर रोमारिओ आणि बेबेतो, नेहमीचा जोडीदार कोस्टाकुर्टा निलंबित. पूर्ण 120 मिनिटं खेळला आणि ब्राझीलला गोल मिळाला नाही. अखेरीस पायात गोळे येत होते. अशा पायांनी त्यानं शूटआऊटमधली इटलीची पहिली पेनल्टी घेतली आणि चेंडू बारवरून गेला. छायाचित्रात तो हुकलेला फटका आणि नंतरचे अश्रू आहेत. त्याआधीच्या 120 मिनिटांचं छायाचित्र निघत नाही, कारण जागेवर उभं असणं हे छायाचित्रात दिसत नाही. (योगायोग पाहा: त्याच स्पर्धेत महिनाभर आधी आयर्लंडनं इटलीला 1-0 हरवलं. एका बाजूला बारेसी, दुसऱ्या बाजूला निकामी गुडघे आणि दुखरा खांदा घेऊन मॅग्रा. दोघंही 34 चे.)

आणि हजेरीनं वाद मिटतात असं ज्याला वाटतं त्यानं मे 2009 आठवावा. पाओलो माल्दिनी, एसी मिलानसाठी 902 सामने, पाच युरोपियन चषक, चाळिशी ओलांडलेली. सान सिरोवरचा अखेरचा सामना. आणि घरच्याच कट्टर चाहत्यांच्या एका गटानं शिट्ट्या मारल्या, फलक फडकावले, मिलानचाच आधीचा कर्णधार बारेसी, त्याचा 6 नंबर झळकावून खरा कर्णधार एकच असं सुनावलं. भांडण जुनं होतं, त्याचा खेळाशी फारसा संबंध नव्हता. पण 902 सामन्यांनीही माणसाची सुटका होत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्या पहिल्या मित्राच्या विरोधात आहे. 'दुखापत घेऊन खेळला म्हणून महान' हा त्याचा सूर मला मान्य नाही. फ्रान्सचा राफाएल वरान विश्वविजेता, चार चॅम्पियन्स लीग जिंकलेला. डोक्याला मार बसल्यावरही आपण खेळत राहिलो आणि 2014 च्या विश्वचषकातल्या एका सामन्याचं काही आठवतच नाही, हे त्यानं 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी गुडघा पुन्हा गेल्यावर 31 व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. त्यानं आणखी दोन वर्षं ओढली नाहीत म्हणून त्याचं काही कमी झालं नाही. जर्मनीच्या मथियास झामरला 1996 मध्ये बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी गुडघ्यानं त्याचा खेळ संपवला. त्याला कुणी 'लवकर मोडला' म्हणून यादीतून काढलं नाही. दुखणं सहन करणं हा गुण आहे की निव्वळ हट्ट, हे बहुतेक वेळा निकालावरून ठरतं, आणि माझ्या टेबलावर तरी दोन्ही सारखेच दिसतात.

आता उरला मुद्दा: त्यानं आताच थांबावं का? इटलीचा बचावपटू जॉर्जो किएल्लिनी याचा गुडघ्याचा लिगामेंट ऑगस्ट 2019 मध्ये सरावात फाटला तेव्हा तो नुकताच 35 चा झाला होता. दोन वर्षांनी युरोच्या गटसाखळीतच हॅमस्ट्रिंगनं त्याला बाहेर काढलं. तो उपांत्यपूर्व सामन्यात परतला आणि वेम्बलीवर कर्णधार म्हणून चषक उचलला. हे उदाहरण मी खेळाडूंना कधीच सांगत नाही, कारण प्रत्येकाला आपण किएल्लिनीच वाटतो. तुमच्या माणसाचं दुखणं एकाच पोटरीत फिरत असेल तर त्याच्यात अजून खेळ आहे. त्याला आठवड्याला एकच सामना द्यावा, परतीची घाई करू नये, आणि करार छोटा, सामन्यांवर बेतलेला असावा. एका पायाची भरपाई दुसरा पाय करायला लागला असेल, म्हणजे डाव्या पोटरीनंतर उजवी मांडी अशी साखळी सुरू असेल, तर मी क्लबाला वेगळा सल्ला देईन. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. त्यानं त्याच्या पहिल्या तिनांतल्या जागेला धक्का लागत नाही. ती जागा त्यानं तिशीच्या आत, संघाला वीस मीटर वर उभं करून मिळवलेली आहे.

पुढच्या वेळी तो उतरला की पहिली पंधरा मिनिटं दोघांनीही चेंडू बघू नका. समोरच्या गोलरक्षकाच्या हातात चेंडू असताना हा मध्यरेषेपासून किती लांब उभा राहतो ते बघा. त्याच्या डोक्यावरून लांब चेंडू आला की कंबर आधीच वळवतो की चेंडू पडेपर्यंत थांबतो ते बघा. आणि खेळ थांबल्यावर तो कुठल्या पायावर भार टाकून उभा आहे, तेही.

मग मला लिहा. डावा की उजवा, एवढंच कळवलंत तरी पुरे.